वासाचा गुलाब हवाय, नुसता दिसायला नको

सायली_डोंबिवली । १९ जानेवारी

नमस्कार मंडळी. एरवी मी या विभागात वाचनमात्र असते, पण आता राहवत नाही म्हणून धागा काढतेय.

आमची गॅलरी सातव्या मजल्यावर, पश्चिमेची. दुपारी बारापासून साडेपाचपर्यंत ऊन, वारा भरपूर. पाच वर्षांत सहा गुलाब आणले, त्यातले चार गेले. उरलेल्या दोघांपैकी एक लाल, भलंमोठं फूल देणारा, पण त्याला वास म्हणून नाही. नाक पार पाकळ्यांत खुपसलं तर ओल्या पाल्यासारखं काहीतरी येतं. दुसरा 'डबल डिलाइट' म्हणून घेतला होता. पहिल्या वर्षी दोन फुलं आली, खरंच छान वास होता. त्यानंतर तो रुसलाय. वरच्या फांद्या काळ्या पडत चालल्यात आणि खालून सारखी रानफूट येते, ती मी दर महिन्याला इमानेइतबारे छाटते.

माझ्या डोक्यात जो वास बसलाय तो आजीकडचा. वाईजवळच्या गावी विहिरीच्या कडेला गुलाबाचं मोठं झुडूप होतं, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. गुलाबी फुलं, फार मोठी नाहीत, चारपाच एकत्र यायची. सकाळी पाणी शेंदायला गेलं की आधी वास यायचा, मग झुडूप दिसायचं. आजी त्याचा गुलकंद करायची. विहीर बुजवली तेव्हा झुडूपही गेलं.

तसला गुलाब कुंडीत होईल का? नाव काय त्याचं? नर्सरीत "देशी द्या" म्हटलं की प्रत्येक जण वेगळंच रोप काढून देतो.

मिलिंद_पुणे । १९ जानेवारी

आधी एक गोष्ट करा: फूल नसलेलं रोप विकत घेऊ नका. लेबलवरचा फोटो म्हणजे लग्नाच्या स्थळाचा फोटो. सकाळी नऊच्या आत नर्सरीत जायचं, अर्धवट उमललेलं फूल शोधायचं आणि वास घ्यायचा. दुपारी चारला गेलात तर चांगल्या वासाचा गुलाबही मुका वाटतो. उन्हाने वासाची तेलं उडून जातात.

आता नावं. वासासाठी माझे आवडते: पापा मेलँड (१९६३, काळपट लाल, मखमली), मिस्टर लिंकन (१९६४), फ्रॅग्रंट क्लाउड आणि तुमचा डबल डिलाइट. पण हे सगळे हायब्रिड टी. एका दांड्यावर एक मोठं फूल, झाड ताठ. तुम्ही वर्णन करताय ते झुडपी प्रकारातलं आहे, ज्याला हल्ली 'श्रब रोज' म्हणतात. पसरतं, झुबक्यात फुलतं, फूल कमी देखणं पण झाड काटक.

पापा मेलँड घ्यायचा मोह झाला तर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि काळ्या ठिपक्यांशी संसार करायची तयारी ठेवा. माझ्याकडे तो तीनदा आला आणि तीनदा गेला. चौथ्यांदा आणणार आहे, बायकोला सांगू नका.

टवाळ । १९ जानेवारी

वहिनी इथे नाहीत ना? मग ठीक.

चिन्मय_मावळ । २० जानेवारी

आमचं तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊस आहे, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो. टॉप सीक्रेट, ताजमहाल, गोल्ड स्ट्राइक असल्या जाती लावतो. बाजार काय मागतो? दांडा लांब, कळी घट्ट, शीतगृहात आणि प्रवासात टिकणारी. वास आहे का हे मला आजवर एकाही व्यापाऱ्याने विचारलेलं नाही. फुलवाल्याकडच्या गुलाबाला वास का नाही, याचं उत्तर एवढंच. पिढ्यान् पिढ्या निवड करताना वासाकडे कोणी बघितलंच नाही.

आणि कृपा करून बुकेतल्या दांड्या कुंडीत खोचू नका. एक तर त्या बऱ्याचदा रुजत नाहीत, आणि रुजल्याच तरी हौशीच्या गॅलरीत त्या जातींचे हाल होतात. त्यांना छप्पर, ठिबक आणि आठवड्याची फवारणी लागते. त्याच कारणासाठी त्या फुलांचा गुलकंद करायचा नाही, हेही सांगून ठेवतो.

अणुरेणू । २० जानेवारी

चिन्मय यांच्या बोलण्याला थोडी रसायनाची फोडणी. गुलाबाचा जो 'गुलाबी' वास आपण ओळखतो, त्यात मुख्यतः जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, नेरॉल आणि फिनाइल इथेनॉल ही मंडळी असतात. यातलं जिरॅनिऑल गुलाब बनवतो कसं, याचा उलगडा बराच उशिरा झाला. इतर फुलं ज्या वाटेने जातात त्याच वाटेने गुलाबही जात असणार, असं धरून चालले होते. २०१५ साली फ्रेंच शास्त्रज्ञांच्या गटाने 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की गुलाबाची वाट वेगळी आहे, त्याच्याकडे नुडिक्स घराण्यातलं एक विकर (एन्झाइम) आहे. गंमत म्हणजे हे शोधायला त्यांनी दोन जाती शेजारी ठेवल्या: घमघमणारा पापा मेलँड आणि जवळजवळ बिनवासाचा रूज मेलँड. पहिल्यात ते जनुक जोरात काम करतं, दुसऱ्यात जवळपास झोपलेलं.

म्हणजे खत घालून, ताक ओतून, गाणी ऐकवून बिनवासाच्या जातीला वास आणता येत नाही. जातीतच असावा लागतो. ऊन, पाणी, हवा यांनी तो कमी-जास्त होतो इतकंच. दमट, उबदार, वारा पडलेल्या सकाळी सगळ्यात जास्त.

शेवंती । २० जानेवारी

मी चहाचा चोथा आणि केळ्याची सालं घालते, माझ्या गुलाबाला मस्त वास येतो 🙂

अणुरेणू । २० जानेवारी

शेवंतीताई, तुमच्या गुलाबाला मुळातच वास आहे. त्यात चहाचा मोठेपणा नाही.

शेवंती । २० जानेवारी

बरं बाई. पण चोथा धुऊन घालावा, हे तरी खरं ना? मी एकदा दुधासाखरेसकट घातला आणि कुंडीत मुंग्यांची जत्रा भरली.

ऋता_न्यूजर्सी । २१ जानेवारी

इकडून एक भर. आमच्या मागच्या अंगणात डेव्हिड ऑस्टिन यांच्या इंग्लिश गुलाबांपैकी 'गर्ट्रूड जेकिल' आहे, १९८६ चा. जुन्या गुलाबांचा वास आणि नव्यांसारखं पुन्हा पुन्हा फुलणं, हे जमवण्यासाठीच त्यांनी हा सगळा खटाटोप केला. वास विचारू नका, स्वयंपाकघराची खिडकी उघडली की आत येतो. शिवाय एक रुगोसा आहे, त्याला लवंगेच्या अंगाने जाणारा वास. बर्फात गाडला जातो तरी मेमध्ये हजर.

पण सायली, हे पाहून हुरळून जाऊ नकोस. रुगोसाला थंडी हवी, डोंबिवलीत तो कुढेल. इंग्लिश गुलाबांचं झाड उष्ण हवेत लांबच लांब फांद्या फेकतं आणि फुलं लहान येतात. बहिणीने ठाण्यात लावून पाहिलाय, गॅलरीतून खालच्यांच्या घरात शिरला होता. आणि आम्हालाही सुख नाही. जुलैत जपानी भुंगेरे येतात, पाकळ्यांची जाळी करून टाकतात. अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले ते आमच्याच राज्यात, १९१६ मध्ये. मी रोज सकाळी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन एकेक टिपते.

अजून एक. इथे कलमाचा सांधा मातीखाली दोन इंच गाडतात, थंडीने मरू नये म्हणून. भारतात बघून बघून तसं करू नका.

नानाकाका_सांगली । २२ जानेवारी

ऋताताईंचं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. आपल्याकडे सांधा मातीच्या वर दोन बोटं उघडा हवा. पावसाळ्यात तो मातीत दबला की कुजतो.

सायलीताई, मी बावीस वर्षं नर्सरीत डोळे भरलेत (म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या खुंटावर बसवून कलमं केलीत), तेव्हा जरा सविस्तर लिहितो. तुमच्या आजीकडचा गुलाब मी बघितलेला नाही, पण वर्णनावरून माझा अंदाज एडवर्ड नावाच्या गुलाबाचा आहे. आपल्याकडे ज्याला देशी किंवा गावठी म्हणतात त्यात दोनतीन वेगळी झाडं मिसळलेली आहेत. एक चैती, म्हणजे दमास्क. कनौज, हसायन, पुष्करकडे अत्तर आणि गुलाबपाण्यासाठी लावतात तो. वासात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण मुख्य बहर वर्षातून एकदाच, फाल्गुन-चैत्रात, आणि त्याआधी त्याला चांगली थंडी लागते. मुंबईच्या हवेत पानंच मोजत बसाल. दुसरा एडवर्ड. हा दमास्क आणि चिनी गुलाबाच्या संकरातून रियुनिअन बेटावर झाला. त्या बेटाचं जुनं नाव बूर्बों, म्हणून या सगळ्या गटालाच बूर्बों गुलाब म्हणतात. आईकडून वास आणि बापाकडून बारमाही फुलणं घेतलं असं समजा. कोण आई आणि कोण बाप ते मला विचारू नका. फूल गडद गुलाबी, वाटीसारखं, झुबक्यात. पाकळी पातळ, दुपारपर्यंत मान टाकते, म्हणून बाजारात त्याला कोणी विचारत नाही. पण गुलकंदाला पातळ पाकळीच लागते.

तिसरं नाव लाल रंग हवा असणाऱ्यांसाठी: 'ग्रुस आन टेप्लिट्झ'. १८९७ चा, उन्हाला न घाबरणारा, मसालेदार वासाचा. उत्तरेकडे हाराच्या फुलांसाठी लावतात. आपल्याकडे शोधावा लागेल.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय की डबल डिलाइटला खालून रानफूट येते आणि तुम्ही ती छाटता. नियमाने बरोबर केलंत. पण ही फूट असते कशाची? ज्या खुंटावर डोळा भरला त्या खुंटाची. खुंट सगळीकडे एकच नसतो. कुठे ब्रायर, कुठे इंडिका, कुठे मल्टिफ्लोरा. आणि बऱ्याच नर्सरींत एडवर्ड. फांदीने पटकन रुजतो, ऊन सोसतो, म्हणून.

फुटीचा फोटो टाका बरं.

मिलिंद_पुणे । २२ जानेवारी

काका 😮

सायली_डोंबिवली । २२ जानेवारी

थांबा थांबा. म्हणजे मी तीन वर्षं दर महिन्याला जे कापून कचऱ्यात टाकतेय ते...? फोटो टाकलाय. सध्या टीचभर फूट आहे, मागच्या आठवड्यात छाटायची राहून गेली.

बकुळ७ । २२ जानेवारी

एका देठावर सात पानं असली की रानटी, पाच असली की कलमाची. सोपं आहे.

नानाकाका_सांगली । २३ जानेवारी

बकुळताई, हा नियम सगळीकडे छापून येतो आणि पुष्कळ चांगल्या फांद्यांचा जीव घेतो. कितीतरी कलमी गुलाबांनाही सात पानं येतात, विशेषतः जोमदार फुटीवर. पानं मोजू नका. माती बाजूला सारून फूट सांध्याच्या वरून आलीय की खालून ते बघा.

सायलीताई, फोटोत फूट खालूनच आलीय. देठाच्या बुडाशी जी दोन कानांसारखी पानं असतात ती मल्टिफ्लोराला झालरीसारखी कातरलेली असतात. तुमच्याकडे ती साधी दिसतायत, म्हणजे मल्टिफ्लोरा नव्हे. बाकी फोटोवरून शपथेवर सांगता येणार नाही. वरचं कलम तसंही काळं पडत चाललंय, शेंडेमर आहे ती. गमावण्यासारखं काय आहे? फूट वाढू द्या.

वरच्या काळ्या फांद्या मात्र हिरव्या भागाच्या दोन बोटं आतपर्यंत कापा, कात्री स्पिरिटने पुसून. कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप), नसेल तर हळदीचा लेप.

सायली_डोंबिवली । २३ जानेवारी

करते. कुंडी बदलू का? आत्ता दहा इंची आहे, आणि आत तो लाल मातीचा घट्ट गोळा तसाच असेल असं वाटतंय. आणला तसा ठेवला होता.

नानाकाका_सांगली । २३ जानेवारी

तिथेच निम्मं दुखणं आहे. वाहतुकीत मुळं हलू नयेत म्हणून ती चिकण माती असते, संसार करायला नव्हे. एकदा वाळली की विटेसारखी होते. तुम्ही वरून पाणी घालता, ते कडेने निघून जातं, आतलं मूळ कोरडंच. आत्ता थंडी आहे तोवर काम उरका. गोळा बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवा, माती बोटांनी हलकेच सोडवा, मुळं ओढू नका. एप्रिलमध्ये असला उद्योग करायचा नाही.

चौदा इंची कुंडी. दोन भाग साधी लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू, मूठभर निंबोळी पेंड, मूठभर हाडांचा चुरा. भोकं मोठी हवीत. सातव्या मजल्याच्या वाऱ्याला प्लॅस्टिकची हलकी कुंडी आडवी होईल, तळाला दगड घाला किंवा कठड्याला बांधा.

मिलिंद_पुणे । २४ जानेवारी

पश्चिमेच्या उन्हाबद्दल कोणीच बोललं नाही. पाचसहा तास ऊन म्हणजे गुलाबाला पुरेसं, पण एप्रिल-मेमधलं दुपारचं ऊन कुंडीच्या भिंतीला भाजतं. कुंडीभोवती पोतं गुंडाळा किंवा पुढे दुसऱ्या कुंड्यांची रांग लावा. पानांना ऊन लागू दे, कुंडीला नको. पाणी सकाळी आणि बुंध्याशीच. संध्याकाळी पानं भिजवलीत तर रात्रभर ओली राहतात आणि काळ्या ठिपक्यांना आमंत्रण. भुरीचं उलटं आहे, ती दिवसा कोरडं आणि रात्री गार अशा हवेत येते. पुण्यात डिसेंबरमध्ये मी तिला रोज भेटतो.

सायली_डोंबिवली । ११ फेब्रुवारी

अपडेट. गोळा सोडवला. आत मुळं गोळ्याभोवतीच गोल गोल फिरलेली होती, काही काळी. नव्या कुंडीत आठ दिवस रोप मान टाकून बसलं, मी अन्नपाणी सोडायच्या बेतात होते. आता फूट दोन फूट उंच झालीय आणि शेजारून अजून एक आलीय. डबल डिलाइटचा वरचा भाग जवळजवळ संपला. वाईट वाटलं. पाचशे रुपयांचा होता.

टवाळ । ११ फेब्रुवारी

पाचशे रुपयांचं रोप देऊन दहा रुपयांचा खुंट मिळवला. शेअर बाजारात या, जमेल तुम्हाला.

नानाकाका_सांगली । १२ फेब्रुवारी

हसा हसा. फूट दोन फूट झाली असेल तर शेंडा खुडा, बाजूने फांद्या फुटतील. झुडपी गुलाबाला हायब्रिड टीसारखी जबर छाटणी करायची नाही. दसऱ्यानंतर एक तृतीयांश उंची कमी करायची, वाळकं आणि काडीसारखं बारीक काढायचं, बास. छाटणीनंतर साधारण पंचेचाळीस दिवसांनी फूल.

लांब फांदी गॅलरीच्या कठड्याला आडवी बांधली तर तिच्या प्रत्येक डोळ्यातून फूट येते. उभी ठेवली तर फक्त टोकाला येते. सातव्या मजल्यावर जागा आडवीच असते, त्याचा फायदा घ्या.

सायली_डोंबिवली । ३ एप्रिल

कळ्या!!! पाच, एकाच झुबक्यात. बारीक, टोकदार, गडद गुलाबी. मावा पडला होता, पाण्याच्या फवाऱ्याने धुतला, मग कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी ऊन उतरल्यावर.

मिलिंद_पुणे । ३ एप्रिल

फुलं आली की सकाळी सातच्या आत वास घ्या आणि इथे लिहा. सगळे थांबलोयत.

सायली_डोंबिवली । ८ एप्रिल

लिहिते काय झालं ते.

परवा रात्री पहिली कळी अर्धी उघडली होती. सहाचा गजर लावून झोपले. उठून गॅलरीत गेले तर फूल नाही! दांडा कापलेला, तोही व्यवस्थित तिरका. वळून बघते तर देवघरात गजाननाच्या डोक्यावर. सासूबाई साडेपाचलाच उठतात. "अगं, किती दिवसांनी घरचं फूल मिळालं, तोडलं," म्हणाल्या. काय बोलणार?

पण मंडळी, देवघरापर्यंत जावं लागलंच नाही. पॅसेजमध्येच कळलं. तोच वास. मी तिथेच उभी राहिले. सासूबाईंना वाटलं मला राग आलाय, त्या म्हणाल्या, "उद्याचं तुझं."

आज दुसरं फूल उमललंय, फोटो टाकलेत. पाकळ्या पातळ आहेत, दुपारी बारालाच लोळागोळा झाला.

अणुरेणू । ८ एप्रिल

फोटोतलं फूल बूर्बोंसारखं दिसतंय खरं. पण फोटोवरून एडवर्डच असं ठामपणे म्हणता येणार नाही, जुन्या गुलाबी जातींत गल्लत सहज होते.

सायली_डोंबिवली । ८ एप्रिल

नावाचं तुम्ही ठरवा, मला घाई नाही. पुढची फुलं मात्र आता वाटून घेतोय, एक देवाला, एक मला. गुलकंदाचा विचार दोन वर्षांनी.

शेवंती । ९ एप्रिल

मी माझ्या सगळ्या कुंड्यांच्या बुडाशी वाकून बघून आले. एकही रानफूट नाही. नशीब.

सायली_डोंबिवली । २१ जुलै

पाऊस लागल्यावर आठ फांद्या कापून लावल्या. पेन्सिलीच्या जाडीच्या, फुलून गेलेल्या फांदीच्या, आठ इंची, खाली डोळ्याजवळ तिरका काप, दोन डोळे मातीत आणि दोन वर. वरून कापलेली पाण्याची बाटली पालथी घातली. तीन काळ्या पडल्या, पाच हिरव्या आहेत आणि फुटल्यात. पाचव्या आठवड्यात एक उचकटून बघितली, नको होती बघायला, पण मुळं आहेत. ही स्वतःच्या मुळांवरची रोपं, आता खालून काहीही आलं तरी आपलंच.

एक बहिणीला, एक माझ्याकडे, तीन शिल्लक. मिलिंद, तुम्ही पापा मेलँडऐवजी हा न्याल का?

मिलिंद_पुणे । २१ जुलै

ऐवजी नाही. शिवाय. पुढच्या महिन्यात कल्याणला येतोय, घेऊन जातो.

नानाकाका_सांगली । २२ जुलै

सायलीताई, जमलं तर एक मला ठेवा. आमच्या मळ्याच्या बांधावर एडवर्डची रांग होती, वडिलांनी लावलेली. मी कलमांसाठी खुंट तिथूनच काढायचो. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी दहाबारा दिवस उभं होतं, सगळी कुजली. नंतर चौकशी केली, पण हल्ली आमच्या भागात सगळे ब्रायरवरच भरतात. स्वतः बावीस वर्षं लोकांना रानफूट छाटा म्हणून सांगितलं.

सायली_डोंबिवली । २२ जुलै

काका, दोन ठेवते. एक रुसलं तर दुसरं. सप्टेंबरपर्यंत मुळं धरू देत, मग नवऱ्याचा मित्र मिरजेला गाडीने जातो त्याच्याबरोबर देते, कुरिअरवर विश्वास नाही. मुळांना ओला नारळाचा काथ्या गुंडाळला तर चालेल ना? पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

नानाकाका_सांगली । २२ जुलै

काथ्या चालेल. नुसता ओलसर हवा, निथळता नको. व्यनि केलाय.